‘काय अडतंय?’ विचारायची तिपाई

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी तिपाई आहे. शर्ट शिवण्याच्या कारखान्यात पहिली यंत्रं ज्या खोक्यांतून आली, त्यांच्याच फळ्यांतून तिथल्या सुतारानं मला घडवलं. पाय तीनच, पण मी कधी डगमगले नाही. एवढी फुशारकी मला मारू द्या.

माझं काम ठरवलं मोठ्या बाईंनी. त्या शिलाई खात्याच्या प्रमुख होत्या. सुपरवायझर होऊ घातलेल्या माणसानं महिनाभर, रोज एका कारागिराशेजारी मला ठेवून तासभर बसायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. हुकूम सोडायचा नाही, फक्त “काय अडतंय?” एवढंच विचारायचं.

“आणि मग?” असं कुणी विचारलं की बाई म्हणायच्या, “मग तोंड बंद, कान उघडे!”

रुबाबात आलेले कितीतरी जण माझ्यावर बसून नरम झाले आणि पुढे चांगले सुपरवायझर झाले. त्याचं थोडं श्रेय मी गुपचूप घ्यायचे.

शेवटची शिकाऊ होती बटणं लावणारी, आमची बटणवाली. तिचे चारच दिवस झाले आणि बाई निवृत्त झाल्या. त्याच सुमारास नवी यंत्रं आली, सुपरवायझरच्या खोलीत भिंतीवर कामाचे आकडे दाखवणारा मोठा पडदा लागला. बटणवालीला तीन दिवस सभागृहात प्रशिक्षणाला पाठवलं. परतल्यावर तिनं सवयीनं मला उचललं, तर व्यवस्थापक हसले. “अहो, आता तुम्ही साहेब! तिपाई काय घेऊन फिरताय? सगळं पडद्यावर दिसतं की.”

ती ओशाळली. दार आपटू नये म्हणून तिनं मला त्या खोलीच्या दाराला लावलं. मला फार वाईट वाटलं.

काजांच्या यंत्रावर बटणवालीची थोरली जाऊ बसायची. तिला ती ताई म्हणायची. बोट सुई-पात्याखाली जाऊ नये म्हणून ताईंच्या यंत्राला लावलेली जाळी सैल झाली होती. किती काजं झाली ते पडद्यावर दिसे, जाळी हलते ते दिसत नसे. ताई दोनदा माझ्यापर्यंत आल्या. बटणवाली आकड्यांत बुडालेली बघून, “कामात आहे ती, कशाला उगाच,” असं पुटपुटत माघारी गेल्या. मला बोलता आलं असतं तर!

मी दाराला लागल्यापासून तिसऱ्या दुपारी जाळी निसटली. ताईंचं बोट गेलं. त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बटणवालीनं मला दारातून काढलं, हातानं धूळ पुसली आणि ताईंच्या रिकाम्या यंत्राशेजारी ठेवलं. ती बसली. मग हलकेच म्हणाली, “ताई, काय अडत होतं गं?”

तिचे अश्रू माझ्या फळीवर पडले. तासभरानं ती उठली आणि मला उचलून शेजारच्या यंत्राकडे गेली. व्यवस्थापक दारात उभे होते, पण या वेळी हसले नाहीत.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाताखाली माणसं येतील. पडदे खुशाल बघा. पण माझ्यासारखी एखादी तिपाई जवळ ठेवा आणि तो प्रश्न, उत्तर देणारं माणूस समोर आहे तोवर विचारा.