सौवेलहून आलेलं आढं

दंगलीत जळालेल्या चर्चवर पुन्हा छप्पर चढवायचं ठरलं, तेव्हा लाहाटोनच्या लोकांनी लाकूड बघायच्या आधी खाडीपलीकडे सौवेलला माणूस धाडला. रीतच तशी होती. सौवेलच्या मशिदीचा मधला खांब लाहाटोनच्या रानातला, आणि लाहाटोनच्या चर्चचं आढं यायचं ते सौवेलच्या खांद्यावरून. कोणे एके काळी दोन्ही गावच्या पूर्वजांनी बोटाचं रक्त मिसळून एका करवंटीतून ताडी घेतली होती. तेव्हापासून एक गाव नमाज पढतं, एक गाव चर्चला जातं, पण भावकी एक. हाक आली की जायचं, नाही म्हणायचं नाही, आणि एकमेकांत सोयरीक करायची नाही. बहिणीशी कोण लग्न करतं?

यकोमिना नेनेला (तिकडे आजीला नेने म्हणतात) हे सगळं आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तिच्या लहानपणी दर काही वर्षांनी दोन्ही गावं जमत, म्हातारे शपथ म्हणून दाखवत, पोरं ऐकत. मग मुसलमान आणि ख्रिस्त्यांत दंगल झाली. लाहाटोनची माणसं अंबोन शहराच्या छावणीत गेली, सौवेलची निम्मी थेट बुटोन बेटावर. पोरं पत्र्याच्या खोल्यांत वाढली. पुढं शांतता झाली, दोन्हीकडची बरीच माणसं परतली, पण जमणं राहून गेलं आणि सांगणारे एकेक करून मातीत गेले.

नेनेचा नातू ओंगेन त्याच छावणीत मोठा झाला. आईबाप त्या धामधुमीत गेले, नेनेनंच त्याला वाढवला. आता तो शहरात बोटींची इंजिनं दुरुस्त करत असे. मागच्या ईस्टरला आला तेव्हा त्यानं चाचरत सांगितलं होतं, एक मुलगी आहे, याती नावाची, दवाखान्यात नर्स आहे, मुसलमान आहे. नेनेनं बरेच दिवस तोंड फिरवलं. शेवटी एवढंच विचारलं, तिचे लोक कुठले? तो म्हणाला, बुटोनचे. नेनेला हायसं वाटलं. बुटोन लांब होतं. पुढचं तिनं विचारलं नाही.

आढं आलं त्या सकाळी अख्खं गाव किनाऱ्यावर होतं. दोन होड्यांच्या मधे बांधलेलं ते लांबलचक लाकूड, मागे ढोल, आणि आढ्यावर ऐटीत बसलेला सौवेलचा म्हातारा राजाब.

"यकोमिना, अजून आहेस होय?" तो लांबूनच ओरडला. "मला वाटलं, हे तुझ्या थडग्यावरच ठेवावं लागतंय."

"तुला खांदा दिल्याशिवाय मी कुठली जाते!"

लोक हसले. मागच्या होडीतून बायका उतरल्या, भांडीकुंडी घेऊन. राजाबनं एका मुलीला पुढं केलं. ही आपली नात, म्हणाला, दंगलीनंतर बुटोनला जन्मली, गाव पहिल्यांदाच बघतेय. आढं ओढायला ओंगेन कंबरभर पाण्यात उतरला होता. त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"याती? तू इथं?"

तीही हसली. दोघं असे हसत होते, जशी जत्रेत चुकामूक झालेली पोरं एकमेकांना सापडावीत.  नेनेनं राजाबकडे पाहिलं. राजाब आढ्यावरून हळूच खाली उतरला होता.

चुलीमागे नेनेनं नातवाला गाठलं.

"ती सौवेलची आहे, ओंगेन."

"असू दे की. धर्माचं तू पचवलंस ना?"

"धर्माचं असतं तर मी पाद्र्याशी भांडले असते रे. ती तुझी बहीण लागते." मग तिनं करवंटीपासून सगळं सांगितलं.

तो आधी हसला. मग म्हणाला, "कधीच्या मेलेल्या माणसांनी हे ठरवलं?"

"त्यांच्याच शब्दावर ते आढं आलंय."

"मग परत पाठवा."

 बाहेर सागोची लापशी ढवळणाऱ्या बायका, दोन्ही गावच्या, एकमेकींच्या नवऱ्यांची टर उडवत होत्या. इतक्या वर्षांत लाहाटोननं असं हसणं ऐकलं नव्हतं.

आढं चढवण्याआधी शपथ व्हायची होती. लांबच लांब पांढरं कापड काढलं गेलं. त्याच्या वेढ्यात दोन्ही गावं उभी राहायची, ज्यानं त्यानं काठ हातात धरायचा, म्हाताऱ्यांनी शपथ म्हणायची. एकाचाही हात सुटा राहिला तर शपथ अपुरी, आणि अपुऱ्या शपथेवर आढं चढत नाही. पाद्री उभा होता, इमाम उभा होता. ओंगेनचे हात खिशात होते.

राजाब थांबला. कुजबुज सुरू झाली. पोराच्या जबड्याचं हाड हलताना नेनेला दिसत होतं. धर, असं म्हणायला तिची जीभ उचलेना. धरू नको, असं म्हणायलाही उचलेना.

समोरच्या बाजूला याती काठ धरून उभी होती. आजोबानं तिला किनाऱ्यावरच सगळं सांगितलं असावं, डोळे सुजले होते. पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा होता.

"भाऊ, धर ना."

ओंगेननं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हात बाहेर काढले आणि कापड धरलं.

दुपारपर्यंत आढं वर बसलं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, जळालेल्या घरांसाठी, गेलेल्या माणसांसाठी. नेनेही रडली. तिला कुणी का म्हणून विचारलं नाही, त्या दिवशी सगळेच रडत होते.

गाव मात्र सावरलं. सौवेलच्या कोळणी पुन्हा लाहाटोनच्या दारात मासळी विकू लागल्या. ईदच्या नमाजाला लाहाटोनची पोरं मशिदीबाहेर पहाऱ्याला उभी राहिली. बंद पडलेली शाळा दोन्ही गावांनी मिळून सुरू केली. ओंगेन आढं चढलं त्याच आठवड्यात लांबच्या सोरोंग बंदराच्या जहाजावर कामाला लागला, आणि परत आला नाही.

नाताळात सौवेलच्या बायका मदतीला आल्या, त्यांत याती होती. नेनेच्या पायरीवर बसून तिनं मासे साफ करायला घेतले. 

"भाऊचा फोन येतो का, नेने?"

"येतो."

"माझी चौकशी करतो?" बहिणीनं विचारावं तसंच तिनं विचारलं, मान खाली घालून, खवलं काढत.

"करतो की," नेने म्हणाली.

खरं तर मागच्या फोनवर त्यानं एवढंच विचारलं होतं, पावसात चर्चचं छप्पर गळतं का. गळत नव्हतं.