बोटांच्या टोकाशी काजाचा टाका

मी एक हातमोजा आहे, पण ऊब देणाऱ्यांपैकी नव्हे. माझ्यात हात घातला की माणूस आधी "आई गं!" म्हणतो आणि मग माझ्याकडे असा बघतो, जणू आमचं सात जन्मांचं वैर आहे. त्याची चूक नाही. मी फ्रीझरमध्ये राहतो आणि तिथून थेट कामावर येतो.

माझा जन्म एका कारखान्यात शिलाई मशीनच्या सुईखाली झाला. बाहेरून जाड निळं कापड, आतून मऊ अस्तर आणि दोन्हींच्या मध्ये गोठणाऱ्या जेलची पिशवी. चार बोटांना मिळून एकच खोली, अंगठ्याला तेवढी स्वतंत्र. माझा जुळा भाऊ डाव्या हाताचा. खोक्यात पडल्या पडल्या आम्ही मोठमोठे बेत केले होते. पण खोकं उघडलं तेव्हा समोर सहा खुर्च्या होत्या, सहा सलाइनचे स्टँड होते, आणि खुर्च्यांवर डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया बसल्या होत्या.

ही केमोथेरपीची खोली. इथे स्तनाच्या कॅन्सरवर दिलं जाणारं एक औषध मोठं कामसू आहे, पण त्याला आपपर कळत नाही. रोगाशी लढता लढता ते बोटांच्या टोकांतल्या नाजूक नसांनाही इजा करतं. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. माझं काम एवढंच, की औषध चालू असताना बोटं गार ठेवायची. गारठ्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध टोकांपर्यंत कमी पोचतं. मी जादूगार नाही. कुणाला माझा चांगला उपयोग होतो, कुणाला थोडा, कुणाला होतही नाही. पण जे काही माझ्याकडे आहे ते मी हातचं राखून देत नाही.

या खोलीचा कारभार सिस्टरांच्या हाती. त्यांच्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. कोणाला मळमळतं, कोणाच्या तोंडात फोड आलेत, कोण घरी जाऊन नुसतं पडून राहतं, सगळं त्यांना पाठ. कुणाला मळमळीची गोळी वेळेवर घ्यायची आठवण, कुणाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. "थकवा आलाय म्हणून झोपूनच राहिलात तर थकवा मुक्कामाला येतो," असं म्हणत त्या बायांना बाहेरच्या लांब व्हरांड्यात चालायला लावायच्या. औषध डॉक्टर लिहून देतात. ते सोसण्याजोगं करणारी माणसं ही अशी असतात. त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही याचा मला फार राग येतो.

अशाच एका सकाळी काजवाल्या ताई आल्या. हे नाव सिस्टरांनी दिलेलं. ताई एका मोठ्या शिंप्याच्या दुकानात कोटांची काजं हाताने करायच्या. काज म्हणजे बटण जाण्यासाठीची चीर; तिच्या कडेने इतके जवळ जवळ टाके घालायचे, की कडेला दोऱ्याचा एक बारीक कंगोरा उभा राहतो. वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. सोबत धाकटी नणंद होती, बसमध्ये कंडक्टर. तिचा आवाज सहाही खुर्च्यांना पुरायचा.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आठवड्याला एक, असे बारा डोस. मुंग्या वाढल्या, बधिर वाटलं, तर लगेच बोला. आपण औषधाचं प्रमाण बदलू."

"बोटं गेली तर मी काय करू, डॉक्टर?" ताईंनी विचारलं. "मला दुसरं काही येत नाही."

"म्हणूनच तर हे मोजे," सिस्टर म्हणाल्या आणि मला पुढे केलं.

"आई गं!" ताई.

"वहिनी, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे," नणंद म्हणाली. अख्खी खोली हसली.

पण हात आत गेल्यावर एक गोष्ट घडली, जी त्याआधी कधीच घडली नव्हती. त्या बोटांनी मला वाचलं. अस्तराचा पोत, शिलाईची दिशा, टोकाची दुमड, सगळं एका दमात. गारठ्याने कळवळत असतानाही. "शिवलाय बरा, पण टाके लांब लांब घातलेत," त्या म्हणाल्या. एवढ्या बायांनी मला सोसलं होतं. माझी दखल घेणारं हे पहिलंच माणूस.

दर आठवड्याला सिस्टर सगळ्यांना ठरलेले प्रश्न विचारायच्या. मुंग्या येतात का? पेन धरता येतं का? बटण लावता येतं का? ताई म्हणाल्या, "मला कसली बटणं विचारता? माझी परीक्षा सुईने घ्या." तेव्हापासून प्रथाच पडली. ताई पर्समधून काजाची बारीक सुई काढायच्या, दोरा ओवायच्या आणि सिस्टरांपुढे धरायच्या. "पास!" सिस्टर म्हणायच्या. मग मोजे, मग औषध.

तिसऱ्या आठवड्यात हात काढता काढता ताई थबकल्या. "सिस्टर, याच्या टोकाला आतला एक टाका सुटलाय हं. आत्ताच धरला नाही तर सगळं अस्तर उसवेल."

"देते दुरुस्तीला," सिस्टर म्हणाल्या. सहा खुर्च्या आणि एकटं माणूस. राहून गेलं.

सहाव्या आठवड्यानंतर मला काहीतरी खटकायला लागलं. बोटं आत यायची, पण वाचायची नाहीत. दाराशी येऊन मुकाट बसलेल्या पाहुण्यांसारखी. आणि आठव्या आठवड्यात मी पाहिलं, ताईंनी पर्समधून काढलेली सुई ती नव्हती. ही जाड होती, लोकर शिवायची, जिच्या नाकातून उंटसुद्धा सहज जाईल. सिस्टरांना सुयांमधलं काय कळणार? दोरा गेला, "पास!" झालं. पण मी सुईखाली जन्मलेला. मला कोण फसवणार?

त्या दिवशी सिस्टर पलीकडे गेल्यावर नणंद हळू आवाजात बोलली. तिचा हळू आवाज म्हणजे दोन खुर्च्यांपुरता.

"वहिनी, काल तुमच्या हातातून कप पडला. परवा कुलूप लागेना. सांगा ना त्यांना."

"गप्प बस. सांगितलं की औषध कमी करतील."

"मग करू देत!"

"तुला कळत नाही. एक टाका कमी घातला की काज उसवतं. वीस वर्षं बघतेय मी. औषधाचंही तसंच. बारा म्हणजे बारा, पुरते बारा. बोटं गेली तर गेली, जीव राहील."

मी ऐकत होतो आणि तडफडत होतो. अहो, माणसांना बोलता येतं! देवाने तोंड दिलंय, समोर विचारणारी सिस्टर दिली आहे, आणि तरी ही माणसं नेमकं जे सांगायचं तेच गिळून टाकतात. मला एका मिनिटापुरती वाचा मिळती तर मी त्या खोलीत बोंब ठोकली असती.

वाचा मिळाली नाही. पण नवव्या आठवड्यात माझं अस्तर उसवलं.

ताईंनी हात घातला आणि चारही बोटं अस्तराच्या आत जाण्याऐवजी अस्तर आणि जेलच्या पिशवीच्या मध्ये गेली. थेट त्या गोठलेल्या पिशवीवर. दुसऱ्या कोणी किंचाळून हात बाहेर ओढला असता. ताई शांत बसून होत्या. नणंदेला बसमधला कुठलासा किस्सा सांगायला लावून हसतही होत्या. मला त्यांना सोडता येत नव्हतं आणि गरमही होता येत नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब अर्धा तास.

गारवा ओसरायच्या आत मोजे बदलायला सिस्टर आल्या. हात बाहेर आला तो अस्तर उलटं बोटांना गुंडाळूनच. बोटांची टोकं पांढरीफटक पडलेली.

"ताई! हे कधीपासून असं होतं?"

"काय असं?" ताईंनी खाली पाहिलं. आणि त्यांचा चेहराही त्या बोटांसारखाच झाला. ज्यांना तिसऱ्या आठवड्यात सुटलेला एक टाका कळला होता, त्यांना अख्खं उसवलेलं अस्तर कळलं नव्हतं.

सिस्टरांनी ती बोटं आपल्या दोन्ही हातांत घेतली. चोळली नाहीत, नुसती धरून ठेवली. हळूहळू लाली परतली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी विचारत होते ना, ताई, दर आठवड्याला?"

ताईंनी पर्समधून ती जाड सुई काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "ही खोटी सुई आहे," त्या म्हणाल्या, आणि रडल्या.

डॉक्टर आले. त्यांनी शांतपणे समजावलं, की एक आठवडा थांबू, मग प्रमाण थोडं कमी करू; तशी सोय उपचारातच ठेवलेली असते, ही काही माघार नव्हे. ताईंचं एकच पालुपद. "पण टाका कमी पडला तर?"

तेव्हा नणंद पुढे झाली. या वेळी तिचा आवाज खरोखर हळू होता. "वहिनी, तुम्हीच दुकानात नव्या पोरींना ओरडता ना, की दोरा फार ताणला तर टाका राहतो पण कापड फाटतं? मग कापड कोण आहे इथे?"

ताईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "कंडक्टरबाई, तुम्ही कधीपासून शिवण शिकवायला लागलात?" आणि डॉक्टरांकडे वळून त्यांनी मान हलवली.

मला मात्र कचऱ्याच्या डब्याकडे नेण्यात आलं. फाटका मोजा धोक्याचा, हे बरोबरच होतं. तेवढ्यात ताई खुर्चीतून ओरडल्या, "टाकू नका हो त्याला! बोटं परत आली की मीच शिवेन."

सिस्टरांनी मला कपाटावर ठेवलं.

तिथे मी सात महिने होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी गार नव्हतो. वरून दिसायचं ते सगळं पाहायचो. ताई उरलेल्या डोसांना यायच्या तेव्हा त्यांच्या हातात आता दुसरा मोजा असायचा. फिजिओथेरपीवाली त्यांना ताटलीतले वाटाणे एकेक करून उचलायला लावायची. वाटाणे घरंगळायचे, नणंद खुर्च्यांखाली शिरून ते गोळा करायची. मग डोस संपले आणि ताई यायच्या थांबल्या. साफसफाईवाल्या मावशी दोनदा म्हणाल्या, "सिस्टर, हे फडकं टाकू का?" सिस्टर दोन्ही वेळा म्हणाल्या, "राहू दे. शिवणारी येणार आहे." धूळ माझ्यावर साचत होती. पण त्या वाक्यावर मी दिवस काढले.

आणि ती आली. डोक्यावर बोटभर केस, खांद्याला पर्स, मागून नणंद. "मोजा आहे का माझा?"

ताईंनी सुई काढली. मी निरखून पाहिलं. बारीक. काजाची.

पहिल्यांदा दोरा चुकला. दुसऱ्यांदाही. नणंदेने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि सिस्टरांनी तिचा दंड धरला. तिसऱ्यांदा दोरा गेला. कोणी "पास" म्हणालं नाही. सिस्टरांनी माझ्यावरची धूळ झटकली आणि मला ताईंच्या हातात दिलं.

"दोन बोटांची टोकं अजून झोपलीत," ताई म्हणाल्या. "उठतील तेव्हा उठतील. बाकीच्यांनी त्यांचं काम वाटून घेतलंय." त्यांनी माझं अस्तर धरलं आणि उसवलेल्या टोकावर काजाचे टाके घातले. जवळ जवळ, एकसारखे. पूर्वी असायचे त्याहून संथ, मधे एखादा तिरका. पण टोकाच्या आत, बरोबर बोटं टेकतात तिथे, एक बारीक कंगोरा उभा राहिला.

मी पुसून, धुऊन, तपासून पुन्हा फ्रीझरमध्ये गेलो. गेल्या आठवड्यात एक शिक्षिका पहिल्या डोसला आल्या. "आई गं!" म्हणून झाल्यावर म्हणाल्या, "सिस्टर, आत टोकाला काहीतरी बारीक लागतंय बोटांना."

"लागतंय ना? छान," सिस्टर म्हणाल्या. "दर आठवड्याला मी हेच विचारणार आहे. ज्या दिवशी लागायचं बंद होईल, त्या दिवशी लगेच सांगायचं. लपवायचं नाही."

तर बाई, तुम्ही कोणीही असा, उद्या तुमचा हात माझ्यात येईल तेव्हा मला खुशाल शिव्या द्या. त्यांची मला सवय आहे. पण टोकाशी तो कंगोरा शोधा. तो एका बाईने अर्धवट बधिर बोटांनी तुमच्यासाठी घातलाय. सापडला तर हसा. नाही सापडला, तर तोंड उघडा. मला येत नाही, तुम्हाला बोलता येतं.