उसना श्वास

जेवणाच्या तंबूबाहेर, आतल्या माणसांना दिसणार नाही अशा बेताने बाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी खोल खोल श्वास छातीत भरून घेतले. उजवा हात काखेत दाबून धरला होता, कारण गार बोटावर ऑक्सिजन मोजायचा चिमटा आकडा कमी दाखवतो हे त्यांना इथे आल्या आल्याच कळलं होतं. मग शेवटचा श्वास तसाच धरून त्या आत शिरल्या.

"या आई, बसा," डॉक्टर म्हणाले. "झोप लागली?"

बाईंनी मान डोलावली.

"डोकं दुखतंय?"

मानेनेच नाही.

"बरं, काल रात्री मी लवकर झोपलो. जेवायला काय काय होतं हो?"

खरी मेख इथेच होती. बेसकॅम्पवर सगळेच असा उसना श्वास घेऊन येतात हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते बोटाला चिमटा लावण्याआधी माणसाला बोलतं करत. घरची चौकशी, बुटांची चौकशी, मुलांच्या परीक्षा. माणूस रंगात आला, साठवलेला श्वास संपला, की मग रक्तातल्या ऑक्सिजनचा खरा आकडा दिसायचा.

"भात," बाई म्हणाल्या.

"आणि?"

"सूप."

"कसलं सूप?"

"टोमॅटोचं, पण त्यात मीठच नव्हतं, आणि तुमच्या त्या लीडरने..." बाई बोलून गेल्या आणि धापा टाकू लागल्या. डॉक्टरांनी शांतपणे चिमटा लावला, आकडा पाहिला.

"अजून नाही, आई. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अजून थोडे दिवस थांबू."

जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात, आणि बाईंचा जावई तर मोहिमेचा डॉक्टर होऊन त्यांच्याच पत्रिकेत येऊन बसला होता. मुलीचा आग्रहच होता तसा. एरवी आईला या वयात इतक्या उंचीवर तिने पाठवलंच नसतं. डॉक्टरांची सासू म्हणून सगळी छावणी त्यांना सासूबाई म्हणायची. जन्मभर शाळेत खेळ शिकवलेल्या बाईंना हे नाव अजिबात आवडत नव्हतं, पण ओरडायला लागणारा श्वास त्या रोज सकाळच्या तपासणीसाठी राखून ठेवत.

शिखर त्यांना नकोच होतं. त्यांना पहिल्या कॅम्पपर्यंत जायचं होतं, बर्फाच्या धारेवर, जिथून डोंगराची पलीकडची बाजू दिसते. शाळेत असताना दरवर्षी त्या मुलांना डोंगरावर न्यायच्या आणि दरवर्षी अर्ध्या वाटेवर कुणाचं तरी पोट दुखायचं, कुणाचा पाय मुरगळायचा. त्या मुलाला घेऊन खाली कोण उतरणार? बाई. बाकीचे शिक्षक वर जाऊन फोटो काढून यायचे. निवृत्तीच्या दिवशी भाषणात सगळ्यांनी त्यांच्या या मायेचं कौतुक केलं, तेव्हा बाईंना खरं तर रडू आलं होतं, आणि ते कौतुकाचं नव्हतं. एकदा तरी आपण वर जायचं आणि खाली दुसऱ्या कुणीतरी उतरायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

तोवर छावणीत काम काही कमी नव्हतं. खाली दगड आणि दगडांखाली बर्फ. ऊन पडलं की बर्फ वितळायचं आणि रात्री सरळ असलेला तंबू दुपारी एका कुशीवर कलायचा. बाईंनी स्वतःच्या तंबूखालचे दगड पुन्हा रचले, मग शेजारच्यांचे रचून दिले. मोजे धुवून दोरीवर टाकले तर ते लाकडासारखे कडक झाले. भांडी घासायचं पाणी बर्फ फोडून, वितळवून मिळायचं. आणि या सगळ्यात बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी उठताना दम लागायचा. पण दम रोज थोडा कमी लागतोय, असं बाईंना वाटत होतं.

मग एक सकाळ अशी आली की डॉक्टरांनी काहीच विचारलं नाही. बाई श्वास भरून, हात गरम करून आत आल्या. लीडर कोपऱ्यात दोराची गुंडाळी सोडवत बसला होता. डॉक्टरांनी चिमटा लावला आणि आकडा वाचला.

"छान आहे. जा वर."

"खरंच?" लीडरने मान वर केली. "मग सासूबाई, उद्याच्या तुकडीत तुम्ही. घोडं न्हालं एकदाचं गंगेत!"

बाईंना हसू आवरेना. त्या उठल्या, तंबूच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. मागे डॉक्टर चिमटा त्याच्या डबीत ठेवू पाहत होते. डबी उघडीच होती, पण चिमटा पुन्हा पुन्हा तिच्या कडेवर आपटत होता.

तसंच पुढे निघून जाता आलं असतं. निदान दोन पावलं तरी बाईंनी टाकली. मग त्या परत येऊन डॉक्टरांसमोर बसल्या.

"जावईबापू, तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा काय घोटाळा झाला होता हो?"

ही गोष्ट सगळ्या छावणीने ऐकलेली होती. मुलगी बघायला म्हणून डॉक्टर शेजारच्या घरात शिरले, तासभर बसून चहा प्यायले, नोकरीची सगळी माहिती दिली, आणि त्या घरात मुलगीच नव्हती. डॉक्टर ही गोष्ट सांगायला लागले की आवरता आवरत नसत.

"मी... शेजारी," डॉक्टर म्हणाले. ते स्टोव्हकडे बघत राहिले. "चहा." मग थोड्या वेळाने, "कुणाच्या घरी?"

लीडरच्या हातातला दोर खाली पडला.

पुढचा तास डॉक्टरांना समजावण्यात गेला. उंची बाधलेला माणूस आपल्याला काही झालेलं नाही असंच म्हणतो, आणि त्यात तो डॉक्टर असला तर बोलायलाच नको. मला कळतं, मी डॉक्टर आहे, तुम्ही मध्ये पडू नका. लीडरने दोन दणकट हमाल तयार ठेवले, ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, विनवण्या केल्या. डॉक्टर जागचे हलेनात.

"ऊठ," बाई म्हणाल्या. "बूट घाल."

मुलीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाईंनी जावयाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. डॉक्टर उठले आणि बूट घालू लागले.

"सासूबाई, आता त्यांना आम्ही नेतो," लीडर हळूच म्हणाला. "तुम्ही थांबा. तुमची तुकडी उद्या..."

"वाटेत बसला तर तुमचं ऐकणार आहे का तो?"

उतरताना बाई जावयाच्या मागोमाग चालत होत्या आणि त्यांना भयंकर राग आला होता. डॉक्टरांचा, लीडरचा, शाळेतल्या त्या सगळ्या पोटं दुखणाऱ्या पोरांचा. डॉक्टर तीनदा वाटेत बसले. तीनदा बाईंनी त्यांना उठवलं. अंधार पडायच्या आत ते खालच्या कुरणातल्या लाकडी झोपडीत पोचले. तिथे गवत होतं, आणि हवाही पोटभर होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर उन्हात, खांद्यावर घोंगडी घेऊन बसले होते. डोकं दुखायचं थांबलं होतं, भूक लागत होती. बाई शेजारी बटाटे सोलत होत्या. वॉकीटॉकी खरखरली.

"डॉक्टर, इकडे बर्फ पडतंय, तुकडी अजून निघालेली नाही," लीडरचा आवाज आला. "तुम्ही आता खालीच आराम करा. पण सासूबाईंना पाठवून द्या. त्यांना तुम्ही हिरवा कंदील दाखवला होताच, त्यांची जागा ठेवली आहे."

डॉक्टरांनी वॉकीटॉकी मांडीवर ठेवली.

"आई, मला ती सकाळ आठवतच नाहीये. मी तुम्हाला परवानगी दिली होती?"

बाईंच्या हातातली सुरी थांबली. नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. खोटंही ठरलं नसतं, लीडर साक्षीला होता. त्यांनी अर्धा सोललेला बटाटा उलटसुलट करून पाहिला.

"तुम्ही दिली नव्हतीत," त्या म्हणाल्या. "मी घेतली होती."

बाईंनी तो बटाटा सोलून संपवला आणि दुसरा घेतला.

"राहू द्या ते," डॉक्टर म्हणाले. "समोर छावणीकडे जाणाऱ्या त्या चढावर जाऊन या. तुमच्या चालीने. मी इथून बघतो. मी हात उभा केला की थांबायचं आणि परत फिरायचं. कबूल?"

"कबूल."

चढ उभा होता. बाई पहिल्या मोठ्या दगडापाशी पोचल्या आणि त्यांनी धसकून खाली पाहिलं. डॉक्टर तसेच बसलेले होते, हात घोंगडीत होते. त्या पुढे निघाल्या. गवत संपलं, खडी लागली, छाती भात्यासारखी चालू लागली, पण पाय मुकाट्याने वर जात होते. खिंडीच्या तोंडाशी त्या थांबल्या. मागे वळायचं त्यांना धाडस होईना. मग वळल्या.

झोपडी खाली इवलीशी दिसत होती. डॉक्टर घोंगडी टाकून उभे राहिले होते. एक हात डोक्याच्या वर नेऊन ते तो पुन्हा पुन्हा डोंगराकडे झटकत होते, जा, अजून जा. त्यांचा आवाज काही ऐकू येत नव्हता. बाईंनी नाक पुसलं, तोंड वळवलं आणि पुढचं पाऊल टाकलं.