लसणाच्या सालीचा कोळसा

वरिष्ठ संशोधक असलेल्या ताईंच्या हाती कुपी देताना त्याचे बोट नकळत तिच्यावरच्या चिठ्ठीवर गेले. ‘लसणाची साल’ हे अक्षर त्याचेच होते. आत मात्र प्रयोगशाळेमागच्या पाचोळ्याचा कोळसा होता. जळल्यावर सगळ्यांचा रंग एकच.

“काय रे मौनीबाबा, कुठे तोंड काळं करून आलास?” त्याच्या गालावरची काजळी पाहून ताई हसल्या.

तो हसला नाही. साली भाजायचे काम त्याचे. पुढे तो कोळसा क्षारात तापवून सच्छिद्र करायचा, धुवायचा, त्याचे इलेक्ट्रोड घडवायचे आणि त्यात वीज किती साठते ते मोजायचे, हे सारे ताईंचे. आणि त्या दार लावून घेत. आकडे दर वेळी देखणे येत. फारच देखणे. लसणाच्या सालीची घडणच वीज धरून ठेवते, असा दोघांच्या शोधनिबंधाचा दावा होता. ताई बाजारातला तयार कार्बन मिसळत असतील तर? लबाडी उघडी पडली, की पहिल्याच नोकरीत त्याच्याही नावाला बट्टा लागणार होता. म्हणून हा पाचोळा: त्यालाही तेच आकडे आले, तर संशय खरा.

काही दिवसांनी ताई दार उघडून बाहेर आल्या.

“घे! पुन्हा तेवढीच वीज. लसूणच तो, लपतोय कुठे!”

सापडल्या, असे त्याला वाटले. आनंद मात्र झाला नाही.

तरीही खात्री हवी म्हणून, ताई रजेवर असताना त्याने उरलेला पाचोळ्याचा कोळसा काढला आणि त्यांचे सगळे काम स्वतःच्या हातांनी केले. वाऱ्याने तराजूचा आकडा हलू लागला, तेव्हा उठून दारही लावले.

वीज तेवढीच साठली.

ताईंनी काही मिसळले नव्हते. किमया होती ती क्षाराची; लसणाने काहीच केले नव्हते.

रजेवरून येताच ताईंनी शोधनिबंध त्याच्यापुढे ठेवला.

“आज पाठवून टाकू. एकदा नजर घाल. तुझ्यावर सोडलं, की मी निर्धास्त.”

त्याने पान उलटले. तेच पुन्हा उलटले. बोलायचे तर आधी पाचोळ्याचे बोलावे लागणार होते. मग, पाचोळा का, याचेही.

“ताई, जरा बसता?”

“अगंबाई! एवढं काय बाबा?”

हसत हसतच त्यांनी खुर्ची ओढली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्याच्यापुढचे कागद हळूच स्वतःकडे सरकवून घेतले.