बोटभर अंतरावर

डॉक्टर मेघा अगदी सहज बोलून गेली. तपासणी झाल्यावर हातमोजे काढता काढता ती म्हणाली, "गाठ खालीच आहे. बोटाला लागते. याआधी कुणी तपासलं नव्हतं का तुम्हाला?"

मंजुषा टेबलावर कुशीवर पडली होती, भिंतीकडं तोंड करून. "नाय," एवढंच ती म्हणाली. पण त्या घटकेला तिच्या डोक्यात जो जाळ पेटला, तो काही विझला नाही.

मंजुषा सिल्लोड डेपोत कंडक्टर. सिल्लोड–संभाजीनगर गाडीवर तिची ड्यूटी. खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचेल असा तिचा आवाज. उतारूंशी भांडायला ती कधी कचरली नाही. फक्त एका माणसापुढं तिची मान खाली असायची, ते म्हणजे तात्यासाहेब. सिल्लोडचे जुने डॉक्टर. तिचा नवरा सुदर्शन लहानपणी टायफॉइडनं जायला टेकला होता, तेव्हा तात्यासाहेबांनी रात्रंदिवस उशाशी बसून त्याला वाचवलं होतं. सासू वच्छलाबाई तर त्यांचं नाव निघालं की हात जोडायची.

म्हणून शौचातून रक्त पडायला लागलं तेव्हा मंजुषा त्यांच्याकडंच गेली. तात्यासाहेबांनी खुर्चीतूनच विचारलं, खुर्चीतूनच सांगितलं, "मूळव्याध आहे पोरी. दिवसभर गाडीत, वेळेवर खाणं नाही. तिखट सोड, ताक पी." सोबत पुड्या दिल्या, मलम दिलं. रक्त थांबलं नाही तेव्हा पुड्या बदलल्या. अंग गळायला लागलं तेव्हा लोहाची बाटली दिली. वर्ष गेलं. शेवटी उभ्या गाडीत तिच्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, तेव्हा एक दिवस फेरी संपवून ती घरी कुणाला न सांगता संभाजीनगरच्या हॉस्पिटलात शिरली.

कॅन्सर निघाला. आधी किरणांचे शेक झाले, जोडीला गोळ्या झाल्या. मग डॉक्टर मेघानं तिला समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. "गुदाशय आणि खालची जागा, दोन्ही काढावी लागतील. शौचाची वाट कायमची शिवून टाकायची. आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला काढू, तिथं पिशवी लावायची. ती कायमची."

मंजुषानं विचारलं, "वर्षापूर्वी आले असते तर?"

डॉक्टर म्हणाली, "कदाचित ती वाट वाचवता आली असती. कदाचित तरीही नसती. गाठ लहान असती, एवढं मात्र नक्की."

त्या 'कदाचित'नं मंजुषाला पार जाळलं. नक्की वाचलं असतं म्हणाली असती, तर रडून मोकळी झाली असती. नसतंच वाचलं म्हणाली असती, तर गप बसली असती. आता तिला ना धड रडता येईना ना गप बसता येईना.

ऑपरेशन झालं. पोटावर डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, ओलं तोंड आलं. बसायला गेलं की खालचे टाके जीव काढायचे. वॉर्डात सामसूम असताना नेमका पिशवीतून वारा सरायचा आणि सगळ्या खाटा तिच्याकडं बघायच्या. भरल्या गाडीत कुणापुढं न दबणारी बाई चादर तोंडावर ओढून घ्यायची. सुदर्शन रोज यायचा, पण नर्स पिशवी बदलायला आली की बाहेर जाऊन उभा राहायचा.

एक दिवस तो तात्यासाहेबांनाच घेऊन आला. पांढरेशुभ्र कपडे, हातात मोसंब्यांची पिशवी. वच्छलाबाई स्टुलावरून उठून उभी राहिली. तात्यासाहेबांनी मंजुषाच्या डोक्यावर हात ठेवला. "भोग असतात पोरी. आपल्या हातात काय असतं?"

"तुमच्या हातात व्हतं, तात्यासाहेब," मंजुषा म्हणाली.

त्यांनी हात काढून घेतला.

"वर्षभर तुमच्याकडं येत व्हते मी. एकदा तरी तपासलं का मला?"

"मंजुषा," सुदर्शन दबक्या आवाजात म्हणाला.

"थांबा, अहो. त्यांना बोलू द्या."

तात्यासाहेबांनी घसा साफ केला. "बाईमाणसाला तसं कसं तपासणार? तुलाच लाज वाटली असती."

"वाटली असती ना. भिंतीकडं तोंड करून पडले असते. इथं तशीच पडले, मेले का? मह्या लाजेची काळजी तुम्हाला कोणी करायला सांगितली? नसंल जमत तर म्हणायचं, पोरी, मला नाय जमत, दुसरीकडं दाखव. तेवढं बी तुमच्यानं झालं नाय. आता रोज नवीन माणूस येतं आन् मह्यावरची चादर काढतं. कुठं ऱ्हायली लाज?"

आवाज तोच होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. सगळा वॉर्ड ऐकत होता. तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. मोसंब्या खाटेवर ठेवून ते निघून गेले. सुदर्शन त्यांच्या मागं धावला.

परत आला तो तणतणतच. "ह्या माणसानं मला जगवलंय. कळतंय का तुला?"

"तुम्हाला जगवलं म्हणून मला मारायची सूट हाय का त्यांना?"

आता सासू तोंड सोडणार, असं मंजुषाला वाटलं. पण वच्छलाबाईनं मोसंब्यांची पिशवी उचलली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला देऊन टाकली. "आपल्याला नगं," एवढंच ती म्हणाली.

घरी आल्यावर इंजेक्शनांच्या फेऱ्या सुरू झाल्या. नवराबायकोत कामापुरतंच बोलणं उरलं. इंजेक्शनं संपत आली तेव्हा एका दुपारी सुदर्शन तात्यासाहेबांच्या दवाखान्यातून घरी आला, बऱ्याच दिवसांनी चेहरा मोकळा करून.

"तात्यासाहेबांनी नर्स ठेवलीय. रक्त पडतंय म्हणून कोणी आलं की आधी तपासायचं, नाय तर चिठ्ठी देऊन संभाजीनगरला धाडायचं. तुझ्यामुळं केलं म्हणाले. आता तरी एकदा जाऊन भेट त्यांना. थकलेत लई."

"चांगलं केलं. त्या बायांचं भलं व्हईल," मंजुषा म्हणाली. "मी नाय जाणार."

"किती दिवस धरून बसणार?"

ती पिशवी बदलायच्या तयारीतच होती. रोज दार लावून घ्यायची, आज लावलं नाही. "इकडं या. बसा," ती म्हणाली. सुदर्शन दाराकडं सरकला. "बाहेर जाऊ नका. तुम्ही अजून बघितलंच नाय. बघा, आन् मग मला सांगा किती दिवस धरू."

तो बसला. तिनं पिशवी सोडवली, कोमट पाण्यानं ते लाल तोंड पुसलं, कातडी कोरडी केली. ते मधेच आपोआप हललं, थोडं बाहेर आलं, तिनं पुन्हा पुसलं. आजूबाजूची कातडी सोलवटलेली होती. तिथं कपडा लागला की तिचे दात आवळले जायचे. सुदर्शन बघत राहिला. नवी पिशवी चिकटवून ती हातानं दाबून धरत होती, तेव्हा त्यानं विचारलं, "रोज असं दुखतं?"

"व्हय."

सुदर्शन वापरलेली पिशवी कागदात गुंडाळून स्वतःच बाहेर घेऊन गेला. भेटायला जा, असं तो तिला पुन्हा कधीच म्हणाला नाही.