भाजी आणायला गेलेली आई

खट्.

दुपारच्या शांततेत दाराची कडी निघाली आणि तिच्या मांडीवरचे धुतलेले कपडे घडी होता होता तिथेच राहिले. या वेळी बाबा झोपलेले असत. ती धावत बाहेर आली, तर बाबा उंबऱ्याशी उभे. पायांत बूट, डावा उजव्यात, उजवा डाव्यात.

"कुठे निघालात, बाबा?"

"खाली. तुझी आई भाजी आणायला गेलीय ना, पिशव्या जड असतील. हल्ली तिला जिने झेपत नाहीत."

तिने पुढे होऊन कडी पुन्हा लावली.

गेल्या वर्षीच्या तापाने बाबांच्या मेंदूतला चिमूटभर भाग खाऊन टाकला होता. हिप्पोकॅम्पस. हा शब्द तिला डॉक्टरांनी समजावून सांगावा लागला नाही, तिची नोकरीच त्यावर होती. प्रयोगशाळेत ती उंदरांना वाट शिकवी. मग काहींना झोपू देई, काहींना पिंजऱ्यावर टिचक्या मारून जागं ठेवी. झोपलेल्यांना दुसऱ्या दिवशी वाट सापडे, जागे ठेवलेले भांबावून जात. दिवसभराचं सगळं आधी त्या चिमूटभर भागात उतरतं आणि झोपेत तो ते मेंदूच्या वरच्या थराकडून घोकून घेतो. बाबांकडचा हा घोकून घेणाराच गेला होता. जुनं सगळं शाबूत, नवं काही टिकेना.

त्यातच आई गेली.

"तुझी आई कुठाय गं?" बाबा विचारत. सुरुवातीला ती खरं सांगायची. बाबा दर वेळी नव्याने ऐकत, नव्याने कोसळत, आणि डोळे कोरडे व्हायच्या आत पुन्हा विचारत. एकदा लेकीला भरवता भरवता तिच्या तोंडून निघून गेलं, "भाजी आणायला गेलीय, येईल एवढ्यात." बाबांचा चेहरा निवळला. पांघरूण ओढून ते शांत झोपले. सुटल्यासारखं वाटलं तिला, खोटं कशाला बोला.

तेव्हापासून तेच. रोज जेवण झालं, बाबा आडवे झाले, की त्याच शब्दांत. ढब्बूलाही तिने पढवून ठेवलं होतं. ढब्बू म्हणजे तिची पाच वर्षांची लेक. "वेगळं काही सांगायचं नाही हं, आजोबा गोंधळतात."

घोकून घेणारा नसला तरी वरचा थर अगदीच मठ्ठ नसतो. तेच ते कानावर घालत राहिलं तर रखडत का होईना, धरतो. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच? तेच वाक्य, तीच वेळ, तेही झोपेच्या तोंडावर. उंदरांवरसुद्धा तिने इतकं चोख काम कधी केलं नव्हतं.

आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, क्षणभर तिला आनंदच झाला. बाबांच्या डोक्यात काहीतरी नवं टिकलं होतं. वर्षभरात पहिल्यांदाच. टिकलं तेही काय, तर हे.

ती खाली बसली, त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"बाबा, आई भाजीला नाही गेली. आई वारली."

बाबा हसले. "काहीतरीच बडबडतेस. झोप झालेली दिसत नाही तुझी."

"भाजीला गेली म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कोण कशाला हवं? माझी बायको कुठे जाते ते मला ठाऊक नसेल?"

तूच सांगितलंस, असं म्हणाले असते तर माफी तरी मागता आली असती. पण सांगणारी पुसली गेली होती, सांगितलेलं तेवढं राहिलं होतं. बाबांचं ते रडणं परतून आलं असतं तरी चाललं असतं, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचंही वाईट वाटलं.

बाबांनी खुर्ची दाराशी ओढली. "बरं, खाली नाही जात. इथेच बसतो. चहा मात्र आत्ता नको हं, ती आली की घेऊ."

ती बूट हातात घेऊन वळली. ढब्बू खोलीच्या दारात उभी होती, गालावर उशीचे वळ उमटलेले. किती वेळची ऐकत होती कोण जाणे.

"आई."

"काय गं राणी?"

"तू मला रोज थोपटताना सांगतेस ना, मी तुला सोडून कुठ्ठे जाणार नाही म्हणून." ढब्बूने आजोबांच्या खुर्चीकडे पाहिलं. आवाज एकदम लहान झाला. "ते पण असंच सांगतेस का?"