जंतू आढळले नाहीत

पडून हाड मोडलं म्हणून थोरल्या जाऊबाईंच्या नडगीत धातूची पट्टी बसवली, त्याला नऊ महिने झाले. तरी जखम भरायचं नाव घेईना. चार दिवस सुकायची, पाचव्या दिवशी बारीक तोंड उघडून झरायची. गोळ्या चालू असल्या की गप्प, थांबल्या की ये रे माझ्या मागल्या. जिन्यात त्या कण्हल्या की थोरले दीर म्हणत, कामाच्या वेळी बरा ठणका लागतो हिला. सर्जन म्हणत, यांची प्रतिकारशक्तीच कमी.

धाकटी जाऊ त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होती. हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कमी? त्या पुवात तिने पांढऱ्या पेशींचा खच पाहिला होता, लढून मेलेल्या. जंतू बसले होते पट्टीला धरून, अंगाभोवती बुळबुळीत लेप करून. बादलीच्या तळाला धरतो तसा, पाण्याने न जाणारा, घासूनच निघणारा. पेशींना तो गिळता येईना, मग त्या जवळचं सगळं जहर तिथेच ओतत होत्या. लेप शाबूत, आणि जळत होतं जाऊबाईंचं मांस, हाड. चोर सोडून संन्याशाला फाशी.

एका संध्याकाळी तिने हे घरात तावातावाने सांगितलं. पट्टी काढली नाही तर पाय जाईल. दिरांनी उठून कपाटातले तीन कागद तिच्यापुढे टाकले. तीनदा पू तपासलेला. तिन्हींवर एकच ओळ: जंतू आढळले नाहीत. खाली तिची सही.

गोळ्या चालू असताना जखमेच्या तोंडाशी फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यात जंतू सापडणार कुठून? हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. पण विचारलं तेवढंच लिहायची रीत, आणि जाऊबाईंचं नाव वाचूनही तिने ती पाळली होती.

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर परके गं. मला खोटी पाडलीस ती तू."

चौथा बोळा प्रयोगशाळेत आला. त्यातूनही बशीत जंतू उगवले नाहीत. या वेळी तिने खाली लिहिलं: नमुना गोळ्या चालू असताना घेतला आहे, जंतू पट्टीवर असावेत, ती काढून तपासावी. कागद घेऊन ती स्वतःच सर्जनच्या खोलीत गेली.

तुम्ही ऑपरेशनं कधीपासून सुचवायला लागलात, असं त्यांनी विचारलं आणि खालची ओळ खोडायला सांगितली.

"खोडणार नाही." ती म्हणाली. "पाय गेला तर हा कागद मी सगळ्यांपुढे ठेवीन. आधीच्या तिन्हींसकट. त्यात माझीही लाज जाईल, जाऊ दे."

दारात रांगेतली माणसं कान टवकारून उभी होती. सर्जननी फणकाऱ्याने तीन आठवड्यांनंतरची तारीख लिहिली. ती जागची हलली नाही. त्यांनी ती खोडून परवाची घातली.

पट्टी निघाली, जंतूंसकट. खाली बोटभर हाड कुजलं होतं. पाय मात्र वाचला. अहवाल घेऊन धाकटी खाटेपाशी आली. शेजारी बसलेले दीर म्हणाले, चला, नशीब चांगलं हिचं.

जाऊबाईंनी अहवालाकडे पाहिलंही नाही.

"यांना वाचून दाखव," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत. आणि जरा मोठ्याने."